पत्र लिहायला लागलेली २३ वर्षं

१४ जुलै २०१७ या तारखेचं एक पत्र आहे. खाली आठ जणांच्या सह्या. ते लिहिलंय सोग्याल रिनपोछे यांना, म्हणजे 'रिग्पा' या तिबेटी बौद्ध संस्थेच्या संस्थापक गुरूंना. पण मायन्यात 'रिनपोछे' नाही. तिथे फक्त 'सोग्याल लाकार' एवढंच आहे. लाकार हे त्यांच्या घराण्याचं नाव. रिनपोछे म्हणजे अमूल्य, रत्नासारखा. आपल्याकडे एखाद्याच्या नावापुढचं 'महाराज' गळावं तसं ते गळलं होतं. सह्या करणाऱ्यांपैकी अनेकांनी दशकानुदशकं या माणसासमोर साष्टांग दंडवत घातले होते. माझ्या मते हा मायना हेच अर्धं पत्र होतं.

उरलेलं अर्धं असं: संघ संकटात आहे, तुमच्या वर्तनाबद्दल वर्षानुवर्षं जे आतल्या आत धुमसत होतं ते आता नाकारता येणार नाही. मग तपशील. शिष्यांना मारहाण, आणि कशाने ते नावानिशी: पाठ खाजवायची काठी, फोन, कप, हँगर. स्त्री शिष्यांचं लैंगिक शोषण. शिष्यांच्या देणग्यांवर चाललेली ऐषआरामी राहणी. आणि या सगळ्यामुळे धर्मावरची आपली स्वतःची श्रद्धाच डागाळली, ही तक्रार.

या प्रकरणात मला खिळवून ठेवणारी गोष्ट मात्र पत्राच्या २३ वर्षं आधीची आहे. नोव्हेंबर १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात याच गुरूंवर एका स्त्रीने नाव गुप्त ठेवून दिवाणी दावा लावला होता. मागणी एक कोटी डॉलरची. दाव्यात म्हटलं होतं की ती सांत्वनासाठी, मार्गदर्शनासाठी गेली असता तिच्यावर लैंगिक आणि शारीरिक अत्याचार झाला, आणि लामाचा मार हा आशीर्वाद असतो असं तिला सांगण्यात आलं. दाव्याचा निकाल लागला नाही; न्यायालयाबाहेर तडजोड झाली. पण वर्तमानपत्रांत सगळं छापून आलं होतं. कुणाला कळायला मार्ग नव्हता असं नाही.

तरीही संस्था वाढली. दक्षिण फ्रान्समधल्या लेराब लिंग या तिच्या मुख्य केंद्रात भव्य मंदिर उभं राहिलं आणि ऑगस्ट २००८ मध्ये दलाई लामांच्या उपस्थितीत त्याचं उद्घाटन झालं. फ्रान्सच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी कार्ला ब्रुनीही हजर होत्या. जगभर शंभराहून जास्त केंद्रं झाली. म्हणजे १९९४ ला जे लिहिलं गेलं ते २०१७ पर्यंत कुणाच्या मनात उतरलं नाही, की उतरलं आणि तिथेच बसून राहिलं?

'अंधश्रद्धा' हा शब्द इथे पुरत नाही

मराठीत आपल्याकडे अशा वेळी एक शब्द तयार असतो. भोंदू बाबा, त्याला भुललेली भोळी माणसं, विषय संपला. इथे तो शब्द लावून पाहिला तर हाती काही लागत नाही. रिग्पात येणारी माणसं बहुतेक युरोप-अमेरिका-ऑस्ट्रेलियातली, शिकलेली, वाचणारी, आपापल्या चर्चवर प्रश्न विचारून बाहेर पडलेली. त्यांनी बौद्ध धर्म निवडला तोच तो चिकित्सेचा धर्म म्हणून. चमत्कार, अंगारा, नवस यांतलं काही दारात नव्हतं.

दारात होतं ते खरोखर चांगलं होतं. १९९२ मध्ये सोग्याल यांच्या नावाने मृत्यूविषयीचं एक पुस्तक इंग्रजीत आलं. ते अनेक भाषांत गेलं आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. मरणासन्न माणसाजवळ कसं बसावं, काय बोलावं, आपली भीती कशी बाजूला ठेवावी, हे पाश्चात्त्य वाचकाला इतक्या सोप्या शब्दांत फारसं कुणी सांगितलं नव्हतं. आई किंवा वडील दवाखान्यात अखेरच्या घटका मोजत असताना ते वाचलेली माणसं पुढे केंद्रावर आली. संस्थेने परिचारिका-डॉक्टरांसाठी अशा शुश्रूषेचं प्रशिक्षणही सुरू केलं. आयर्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यावरचं झोगचेन बेआरा हे तिचं केंद्र त्यासाठी ओळखलं जातं.

हे सांगणं गरजेचं आहे, कारण गट सोडणाऱ्याच्या मनातली पहिली गाठ इथेच बसते. सगळंच खोटं असतं तर सोडणं सोपं होतं. ध्यानाने झोप लागू लागलेली असते, राग कमी झालेला असतो, आईच्या मरणाला तोंड देता आलेलं असतं. तो अनुभव स्वतःचा असतो, कुणी सांगितलेला नसतो. त्यामुळे "तुला फसवलं" असं बाहेरचा म्हणतो तेव्हा आतल्याला ते पटतच नाही, आणि त्यात त्याचं फारसं चुकतही नाही.

पायऱ्या

सुरुवातीच्या वर्गात गुरुभक्तीचा विषय निघत नाही. श्वासाकडे लक्ष, मनाचा गोंधळ, करुणा. पुढे मात्र वज्रयानाची, म्हणजे तिबेटी बौद्ध धर्मातल्या तांत्रिक साधनेची, वाट सुरू होते आणि तिची 'पूर्वतयारी' म्हणून तिबेटी परंपरेत एक लांबलचक साधना असते: साष्टांग दंडवत एक लाख, वज्रसत्त्वाचा मंत्र एक लाख, मंडल-अर्पण एक लाख, आणि गुरुयोग, म्हणजे आपलं मन गुरूच्या मनात मिसळल्याची साधना. नोकरी-संसार सांभाळून हे करायला वर्षं जातात. रोज शंभर दंडवत घातले तरी एक लाखाला पावणेतीन वर्षं लागतात, आणि तो फक्त पहिला भाग. रिग्पात त्यावर आणखी पायऱ्या होत्या. २००६ पासून लेराब लिंगमध्ये तीन वर्षांचा एकांतवासही झाला.

१९५९ मध्ये ॲरन्सन आणि मिल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक छोटा प्रयोग केला होता. एका चर्चा-गटात यायचं तर काही विद्यार्थिनींना आधी लाजिरवाणा मजकूर मोठ्याने वाचावा लागला, काहींना सौम्य मजकूर, काहींना काहीच नाही. नंतर सगळ्यांना ऐकवलेली चर्चा मुद्दाम रटाळ ठेवलेली होती. जिने प्रवेशासाठी जास्त सोसलं तिला ती चर्चा जास्त रंजक वाटली. तिथे सोसणं काही मिनिटांचं होतं. इथे गुडघे, कोपर, सुट्ट्या आणि पगार यांची वर्षं होती. इतकं घातल्यावर "मी चुकीच्या ठिकाणी आलो का?" हा प्रश्न कुणालाही महागच पडणार.

या साधनेत मुळात वाईट काही नाही, हेही म्हणून ठेवतो. हजारो लोक ती करतात आणि कुणी त्यांना हँगरने मारत नाही. पण ती ज्या माणसाच्या ताब्यात जाते त्याच्यावर दुसऱ्या कुणाचा अंकुश हवा, आणि रिग्पात तो नव्हता. तिबेटातल्या मठात गुरूवर मठाची, गावाची, बरोबरीच्या गुरूंची नजर असे. लंडनला किंवा फ्रान्सच्या डोंगरावर ती नजर कुठून येणार? सोग्याल भिक्षू नव्हते, गृहस्थ लामा होते. त्यामुळे विनयाचे, म्हणजे भिक्षूंच्या आचाराचे, नियमही त्यांना लागू नव्हते. विश्वस्त मंडळात शिष्यच होते. कंपनीच्या संचालकांनी मालकाचे पाय धरलेले असावेत, तसा प्रकार.

शब्दांचं कुलूप

माझ्या मते प्रकरणाचा गाभा शब्दांत आहे. चार शब्द पाहू.

पहिला 'समय'. मराठी वाचक याचा अर्थ वेळ असा घेईल. वज्रयानात त्याचा अर्थ गुरू आणि शिष्य यांच्यातलं पवित्र वचन असा आहे. अभिषेक, म्हणजे दीक्षा, घेतला की हे वचन बांधलं जातं आणि ते मोडणं हे भयंकर पाप. वज्रयानाच्या चौदा मूलापत्तींत, म्हणजे मुळावर घाव घालणाऱ्या दोषांत, पहिलाच दोष गुरूची अवहेलना हा आहे. त्याचं फळ वज्रनरक, सर्वांत भयंकर नरक.

दुसरा 'शुद्ध दृष्टी'. गुरूची प्रत्येक कृती बुद्धाची कृती म्हणून पाहायची. दोष दिसला तर तो आरशावरचा नाही, तुझ्या चेहऱ्यावरचा.

तिसरा 'रौद्र करुणा'. शिष्याचा अहंकार फोडण्यासाठी गुरू कठोर होतो. यासाठी कथा हाताशी होत्याच, आणि त्या परंपरेतल्या खऱ्या कथा आहेत: तिलोपा या गुरूने आपल्या शिष्याला, नारोपाला, बारा भीषण संकटांतून नेलं आणि शेवटी कपाळावर चप्पल मारताच त्याला बोध झाला, मार्पा या गुरूने मिलारेपा या शिष्याकडून दगडी मनोरे बांधून घेतले आणि पाडायला लावले. अशी कथा पोथीत वाचताना अंगावर काटा येतो. ती कुणाच्या पाठीवरच्या वळाचं स्पष्टीकरण म्हणून सांगितली जाते तेव्हा तिचं काम बदललेलं असतं. आणि मिलारेपाने आधी काळ्या जादूने माणसं मारलेली होती, मार्पा त्याच्याकडून ते पाप फेडून घेत होता, हा भाग सांगताना गळतो.

चौथा 'शुद्धीकरण'. त्रास होतोय? छान, कर्म जळतंय.

आता हे चार शब्द एकत्र लावून पाहा. गुरूने मारलं: रौद्र करुणा. राग आला: तुझी दृष्टी अशुद्ध. दुखतंय: शुद्धीकरण. कुणाला सांगावंसं वाटतं: समय मोडेल. शंका कुठल्याही बाजूने निघाली तरी परत स्वतःपाशीच येते. कुलूप बाहेरून लावलेलं नाही, आतून लावलेलं आहे, आणि किल्लीही त्याच माणसाच्या खिशात आहे. फक्त किल्लीला तो आपलं पाप समजतो.

पत्रात याचं सर्वांत चटका लावणारं उदाहरण म्हणजे तिथे ज्याला 'रिग्पा थेरपी' म्हटलंय ती व्यवस्था. जवळच्या शिष्यांच्या मनात उठणारं दुःख हाताळण्यासाठी प्रशिक्षित समुपदेशक होते, पण तेही गुरूंचेच शिष्य. पत्रलेखकांच्या म्हणण्यानुसार दुःखाचं मूळ गुरूच्या वागण्यात नसून जुन्या कौटुंबिक जखमांत आहे, असं पाहायला तिथे शिकवलं जाई. म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर ते तोंड तूच लहानपणी दाबून घेतलंयस ही समजूत.

अळीमिळी गुपचिळी

सगळ्यांना सगळं माहीत होतं, असंही नाही. हजारो लोकांनी सोग्याल यांना फक्त व्यासपीठावर पाहिलं. मिश्कील, प्रेमळ, कधी तिरसट. मार आणि बाकीचं घडत होतं ते आतल्या वर्तुळात, सेवेतल्या शिष्यांमध्ये. त्या वर्तुळात जाणं हा सन्मान होता. तिथे गुरूचा राग वाट्याला येणं हा तर आणखी मोठा सन्मान, कारण गुरू ज्याच्यावर मेहनत घेतो त्यालाच रागावतो. अशा ठिकाणी दोन माणसं शेजारी उभी राहून एकच गोष्ट पाहतात आणि प्रत्येकाला वाटतं की अस्वस्थ फक्त मीच आहे. शेजारचा पाहा कसा शांत आहे, त्याची दृष्टी शुद्ध असणार. शेजाऱ्यालाही नेमकं तेच वाटत असतं.

शंका एकट्याची असते तोवर ती दोष ठरते, दुसऱ्याच्या शंकेला भेटली की तिचा पुरावा होतो. २३ वर्षांचं कोडं मला तरी याच एका वाक्यात सुटताना दिसतं. १९९४ ची ती स्त्री एकटी होती, नाव गुप्त होतं, तडजोड झाली होती. "तिला पेललं नाही" हे तीन शब्द तिच्यासाठी पुरेसे ठरले. मधल्या काळात जे एकेकटे निघून गेले त्यांनाही तेच शब्द पुरले.

गुपचूप निघून जाण्याबद्दल थोडं बोलायला हवं, कारण बहुतेक लोक असेच जातात आणि त्यांना मी अजिबात दोष देत नाही. अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलेली एक साधी विभागणी इथे कामाला येते: संस्था बिघडली की माणूस एकतर निघून जातो किंवा आवाज उठवतो, आणि निष्ठा ठरवते की तो यांतलं काय करेल नि किती उशिरा. ज्याला सर्वांत लवकर खटकतं तोच सर्वांत आधी उठून जातो. त्याच्याबरोबर त्याचं खटकणंही जातं. मागे उरतात ते ज्यांनी सोसायला शिकून घेतलंय, आणि संस्था दरवर्षी थोडी अधिक शांत दिसू लागते. शांतता पाहून नवे येतात.

या क्रमाला तडे आधीपासून जात होते. २०१५ मध्ये रिग्पाच्या फ्रान्स शाखेचे संचालक बाहेर पडले आणि माध्यमांशी उघड बोलले. लेखक-पत्रकार तर नव्वदच्या दशकापासून लिहीत होते. पण बाहेरचा बोलला की तो धर्माचा वैरी, एकटा आतला बोलला की तो दुखावलेला. आठ जण, नावानिशी, सगळे जुने, काही अगदी खाजगी सेवेतले, एकाच कागदावर आले तेव्हा यांतला कोणताच शिक्का चालेना.

पत्र कसं लिहिलंय

ते पत्र कायद्याच्या भाषेत नाही, धर्माच्या भाषेत आहे. त्यातला एक प्रश्न मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत धारदार वाटतो. लेखक साधारण असं म्हणतात: आम्हाला मारणं, शिष्यांशी आणि विवाहित स्त्रियांशी शरीरसंबंध ठेवणं, देणग्यांवर चैन करणं, हे जर बौद्ध गुरूचं नैतिक आणि करुणेचं वागणं असेल तर ते कसं, हे कृपया आम्हाला समजावून सांगा. यात नकार नाही, शिवी नाही. शिष्याने गुरूला अर्थ विचारलाय, एवढंच. फरक इतकाच की आजवर अर्थ लावायचं काम शिष्याचं होतं; या एका वाक्याने ते गुरूच्या अंगणात टाकलं.

दुसरं, त्यांनी दलाई लामांचा आधार घेतला. मार्च १९९३ मध्ये धर्मशाळेत पाश्चात्त्य बौद्ध शिक्षकांची दलाई लामांबरोबर बैठक झाली होती. गुरूच्या गैरवर्तनाचा विषय निघाल्यावर त्यांचं म्हणणं असं होतं की आधी गुरूला सांगा, ऐकत नसेल तर नावानिशी जाहीर करा. म्हणजे कॅलिफोर्नियातल्या दाव्याच्याही दीड वर्ष आधी परवानगी मिळालेली होती! ती वापरायला २४ वर्षं लागली. आणि हेही खरं की एका गुरूच्या सावलीतून बाहेर पडायला दुसऱ्या, मोठ्या गुरूची सावली लागली. यावर कुणी हसेल. मला वाटतं, पुरात वाहणारा माणूस हाताला येईल ती फांदी धरतो. ती त्याच झाडाची आहे का हे नंतर पाहता येतं.

पुढचं भराभर घडलं. १ ऑगस्टला लेहमध्ये बोलताना दलाई लामांनी सोग्याल यांचं नाव घेतलं: माझे चांगले मित्र, पण आता त्यांची बेअब्रू झाली आहे, त्यांच्याच शिष्यांनी टीका जाहीर केली आहे, अशा आशयाचं. दहा दिवसांत, ११ ऑगस्टला, सोग्याल रिग्पाच्या प्रमुखपदावरून निवृत्त झाले. संस्थेने लंडनच्या एका कायदा कंपनीकडून स्वतंत्र चौकशी करवली. तिचा अहवाल सप्टेंबर २०१८ मध्ये आला. सगळे आरोप सिद्ध धरले नाहीत, पण आतल्या वर्तुळातल्या काही शिष्यांवर गंभीर शारीरिक, लैंगिक आणि भावनिक अत्याचार झाले, आणि संस्थेतल्या काही वरिष्ठांना यांतल्या काही गोष्टी ठाऊक असूनही त्यांनी पावलं उचलली नाहीत, त्यामुळे इतरांचा धोका कायम राहिला, असा निष्कर्ष होता. सोग्याल यांचं २८ ऑगस्ट २०१९ रोजी थायलंडमध्ये निधन झालं. त्यांच्यावर हयातीत फौजदारी खटला चालला नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाने आपला अहवाल दिला. दोन माजी विश्वस्तांना अपात्र ठरवण्यात आलं होतं.

मग 'समय'चं काय?

बाहेर पडणाऱ्यांसाठी हा वाद विद्वानांचा नव्हता, रात्रीच्या झोपेचा होता. तर्काने पटलेलं असतं की आपण बरोबर केलं, पण पहाटे तीनला वज्रनरक आठवतो.

ऑगस्ट २०१७ मध्येच द्झोंगसार ख्येन्त्से रिनपोछे यांनी एक लांब लेख लिहिला. त्यांचा रोख असा की पूर्ण माहितीनिशी वज्रयानाची दीक्षा घेतली असेल तर नंतर गुरूवर टीका करणं हा समयभंगच. त्याच लेखात त्यांनी सोग्याल यांनी शिष्यांची पायाभूत तयारी नीट करून घेतली होती का, त्यांना पुरेशी सूचना दिली होती का, यावरही बोट ठेवलं. मिंग्युर रिनपोछे यांनी पुढच्याच महिन्यात वेगळी बाजू मांडली: शोषण होत असेल तर 'समय' ही सबब होऊ शकत नाही, निघून जावं, आणि इतरांना धोका असेल तर उघड बोलावं. दोघेही त्याच परंपरेतले मोठे गुरू. म्हणजे ज्याच्या डोक्यात आवाज चालू आहे त्याला परंपरेकडून दोन आवाज मिळाले.

मला यात एक जुना संस्कृत श्लोक आठवतो. शान्तरक्षिताच्या 'तत्त्वसंग्रहा'त तो आहे, आणि दलाई लामा तो वारंवार सांगतात: तापाच्छेदाच्च निकषात् सुवर्णमिव पण्डितैः, परीक्ष्य भिक्षवो ग्राह्यं मद्वचो न तु गौरवात्. सोनं तापवून, कापून, कसोटीवर घासून घ्यावं, तसं माझं वचन पारखून घ्या, माझ्यावरच्या आदरापोटी नको. हाच शान्तरक्षित तिबेटात बौद्ध धर्म रुजवणाऱ्यांपैकी एक. गुरुभक्तीचा प्रमाणग्रंथ मानल्या जाणाऱ्या 'गुरुपञ्चाशिके'तही गुरूची आज्ञा युक्तीला धरून नसेल आणि पाळता येत नसेल तर तसं नम्रपणे सांगावं, अशी सोय आहे. पाली मज्झिमनिकायातलं वीमंसकसुत्त तर भिक्खूने खुद्द तथागतालाच पारखावं असं सांगतं. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे काही नवं नाही. बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही, हे बाबासाहेबांनी आपल्याला शाळकरी भाषेत शिकवून ठेवलंय. पण कुलूप उघडायच्या किल्ल्या त्याच घरात होत्या, हे मला महत्त्वाचं वाटतं. कुठल्या ओव्या रोज म्हणायच्या आणि कुठल्या कपाटात ठेवायच्या, हे ठरवणारा एकच माणूस होता.

बाहेर

गट सोडणं म्हणजे दार ओढून घेऊन चालू पडणं, असं बाहेरून दिसतं. प्रत्यक्षात ते हप्त्याहप्त्याने होतं. अशा गटांतून बाहेर पडलेल्यांच्या बोलण्यात काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यांतली पहिली गुरूविषयी नसतेच. ती मित्रांविषयी असते. वीस वर्षांतले सगळे वाढदिवस, लग्नं, अंत्यविधी ज्यांच्याबरोबर झाले ते सगळे आत. फोन येत नाहीत, किंवा येतात ते समजूत घालायला. ज्यांनी नोकरी सोडून केंद्रावर पूर्णवेळ सेवा केली त्यांच्यापुढे पन्नाशीत पोटापाण्याचा प्रश्न.

दुसरी गोष्ट लवकर कबूल होत नाही: आपण इतरांना आत आणलं. मधल्या पायरीवर पोचलेला शिष्य नवख्यांचे वर्ग घेत असतो. एखाद्या मुलीने अस्वस्थ होऊन काही विचारलं असेल, आणि त्याने तिला शुद्ध दृष्टीचा धडा दिला असेल. फसवला गेलेला आणि फसवणारा एकाच कातडीत राहतात. अशा माणसाला "तू बिचारा बळी" म्हटलेलं सहन होत नाही, आणि "तू गुन्हेगार" म्हटलेलंही नाही. मला वाटतं यामुळेच अनेक जण बोलत नाहीत, भीतीपेक्षा यामुळे.

तिसरी साधना. सकाळी उठून बसायचं की नाही? बसलं की ओठांवर तोच मंत्र येतो, डोळे मिटले की तोच चेहरा. देवघरातली तसबीर उतरवून ठेवली तरी भिंतीवर फिकट चौकोन राहतो. काहींनी दुसरा गुरू शोधला. काही विपश्यनेसारख्या, गुरूच्या चेहऱ्याविना चालणाऱ्या पद्धतीकडे वळले. काहींनी बौद्ध म्हणवून घेणंच सोडलं आणि त्यांना हलकं वाटलं. यांत बरोबर-चूक लावायला मी बसलेलो नाही. रिग्पा अजून आहे. तिथे आता आचारसंहिता आणि तक्रारीची व्यवस्था आहे, आणि जे आत राहिले त्यांनाही आपली कारणं आहेत.

मृत्यूविषयीचं ते पुस्तक मात्र बाहेर पडलेल्या अनेकांच्या घरात असणारच. कुणी ते आईच्या उशाशी बसून वाचून दाखवलेलं असेल, समासात पेन्सिलीच्या खुणा असतील. रद्दीत टाकवत नाही, कुणाला द्यावंसंही वाटत नाही. बहुधा ते मागच्या रांगेत, पाठमोरं, उभं असेल.